पहिली मॅच आधी दिसली पाहिजे

फुटबॉलच्या शौकिनांना मैदानावर पाहिलेल्या पहिल्या मॅचबद्दल विचारलं, तर स्कोअर अनेकांना सांगता येत नाही. कुणाच्या खांद्यावर बसून पाहिली, कुठल्या झाडाखाली ऊन चुकवलं, हलगी कुठल्या बाजूनं वाजत होती, गोलकीपरनं चिखलात कसा सूर मारला, हे मात्र तपशीलवार येतं. त्यावरून एक सोयीचा निष्कर्षही निघतो की गैरसोय हीच त्यातली गंमत. सांगली-मिरजेत मैदानावरच्या सोयींचा विषय काढला की "आम्ही काय खुर्च्यांवर बसून बघितल्या होत्या काय?" हे उत्तर ठरलेलं आहे.

या उत्तरातली अडचण अशी, की ते देणारे सगळे जण पुन्हा मैदानावर आलेले आहेत. जे पोरगं पाऊण तास समोरच्याच्या पाठीकडे बघत उभं राहिलं आणि नंतर मोबाइलवर प्रीमियर लीगच बरी म्हणालं, त्याला पहिल्या मॅचची आठवण कुणी विचारत नाही. मुलाला घेऊन आलेली बाई लघवीला जायची सोय नाही म्हणून हाफ टाइमलाच घरी गेली, तिलाही नाही. हे लोक हिशेबातच येत नाहीत, आणि 'प्रेक्षक कमी झाला' ही ओरड वर्षानुवर्षं चालू राहते.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेनं किंवा शिक्षणसंस्थेनं फुटबॉल स्पर्धेसाठी मैदान देताना परवानगीच्या पत्रात प्रेक्षकासाठी अटी घालाव्यात, आणि पहिल्यांदा येणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून त्या ठरवाव्यात. नवं स्टेडियम, फ्लडलाइट, कृत्रिम गवत यांच्या घोषणा त्यानंतर करायला भरपूर वेळ आहे.

आजच्या मुलानं फुटबॉल आधी टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेला असतो. तिथला मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, चांगला उंचावर असतो. त्यामुळे मैदान नकाशासारखं उलगडतं. कोण मोकळा आहे, ऑफसाइड कुठं पडला, सगळं कळतं. हेच मूल टचलाइनशेजारी, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेशेजारी, सपाट जमिनीवर उभं राहिलं की त्याचा डोळा जमिनीपासून जेमतेम 1.1 मीटरवर येतो. पूर्ण मापाचं मैदान 105 बाय 68 मीटर. पलीकडच्या टचलाइनवरचा विंगर आणि मधला मिडफिल्डर त्याला एकमेकांवर चिकटल्यासारखे दिसतात. बॉल किती लांब आहे याचा अंदाज येत नाही, आणि रिप्ले तर नाहीच. पुढचा माणूस उठून उभा राहिला त्याच क्षणी गोल झाला, तर तो गोल त्या मुलाच्या दृष्टीनं झालाच नाही.

मैदानाचं स्वतःचं जे काही असतं, ते कॅमेऱ्यात येत नाही. बुटाचा बॉलवर बसलेला ठोका, डिफेंडरची 'मागं बघ' अशी हाळी, कॉर्नरला दोन खेळाडूंची खांद्याला खांदा लावून चाललेली रेटारेटी. यासाठीच माणूस मैदानावर येतो. पण त्यासाठी त्याला जवळ आणि थोडं उंच बसवावं लागतं, आणि दोन्ही एकदम जमवायचं तर थोडं गणित करावं लागतं.

गॅलरी बांधताना मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा किती वरून जाते, हे मोजतात. जगभरच्या स्टेडियमांत हा फरक 12 सेंटीमीटर असला तर उत्तम, 9 चालेल, आणि 6 च्या खाली गेला की माना वाकड्या होतात, असं मानलं जातं. आपल्याकडच्या एखाद्या सिमेंटच्या गॅलरीचा हिशेब करून बघू. पायरीची उंची 30 सेंटीमीटर, रुंदी 75 सेंटीमीटर, पहिली रांग टचलाइनपासून 5 मीटरवर, पहिल्या रांगेत बसलेल्याचा डोळा मैदानापासून 1.2 मीटर उंच. दुसऱ्या रांगेतल्याची नजर टचलाइनपर्यंत पोहोचताना पहिल्याच्या डोळ्यांच्या 10 सेंटीमीटर वरून जाते. ठीक आहे. पण सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या ठेवल्या, तर दहाव्या रांगेच्या मागे बसणाऱ्याला तो फरक जेमतेम 5 सेंटीमीटर मिळतो. तिथली पायरी 40 सेंटीमीटर हवी होती. वरच्या पायऱ्या क्रमानं उंच करत नेल्या नाहीत, की वरची गॅलरी अर्धी आंधळी होते. कंत्राटदार सगळ्या पायऱ्यांना एकच साचा वापरतो, कारण त्याला तेच स्वस्त पडतं.

हे झालं मोठ्या माणसाचं. आठ वर्षांच्या मुलाचा बसल्यावरचा डोळा मोठ्यापेक्षा सुमारे 20 सेंटीमीटर खाली असतो. म्हणजे मोठ्याच्या मागे बसलेल्या मुलाला चांगल्यातल्या चांगल्या गॅलरीतही समोर फक्त डोकं दिसणार. यावर उपाय म्हणजे सगळ्यात खालची पायरी मुलांसाठी राखून ठेवणं आणि त्यांना घेऊन आलेल्या मोठ्यांना त्यांच्या मागच्या पायरीवर बसवणं. याला खर्च जवळजवळ शून्य. चुन्यानं पायरीवर 'मुलांसाठी' लिहायचं आणि एक स्वयंसेवक उभा करायचा. पण खालच्या पायरीसमोर आडव्या पाइपांचं रेलिंग असेल, तर एक पाइप नेमका मुलाच्या डोळ्यांसमोर येतो. तिथं उभ्या सळ्या किंवा जाळी हवी. निदान मुलांच्या पट्ट्यात तरी पाइप काढून दोन पदरी दोरी बांधावी.

जिथं गॅलरीच नाही, अशा मैदानांची संख्या जास्त. तिथं लोक टचलाइनला खेटून उभे राहतात. लाइन्समनला पळायला जागा उरत नाही, म्हणून तो मैदानाच्या आतून पळतो. थ्रो-इन घेणाऱ्याला मागे सरकता येत नाही. रेषेपासून 3 मीटर मोकळे सोडून बांबू रोवून दोरी बांधणं, ही पहिली गोष्ट. दुसरी, मुरमाचा भराव. साठ मीटर लांबीच्या दोन पायऱ्या, पहिली 40 आणि दुसरी 80 सेंटीमीटर उंच, प्रत्येकी मीटरभर रुंद, मागे उतार. याला दाबून बसलेला सुमारे 100 घनमीटर मुरूम लागतो. सुटा मोजला तर पाव हिस्सा जास्त, म्हणजे साधारण 44 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). दोन ब्रासचे 22 टिपर. माणशी अर्धा मीटर धरला तर 240 जण बसतात. मुलं खालच्या पायरीवर, मोठी वरच्या.

यात बिघडतं ते इथं. कृष्णाकाठची जमीन काळी. तिच्यावर थेट मुरूम ओतला, तर उन्हाळ्यात भेगा पडून आणि पावसात फुगून भराव दोन वर्षांत खचतो. आधी वरची 20 सेंटीमीटर काळी माती काढावी, मग 15-20 सेंटीमीटरचे थर टाकून प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा. पायरीच्या तोंडाला दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून अस्तर, करावं. तेवढे पैसे नसतील तर मातीनं भरलेली पोती रचावीत, पण ती दर हंगामाला बदलावी लागतात. भराव सलग केला तर मैदानातलं पाणी अडतं आणि पाऊस थांबल्यावरही चार दिवस चिखल राहतो, म्हणून दर दहा मीटरला पाइप टाकून चर काढावा. नदीच्या पुराची रेषा जिथं येते तिथं भरावाचा विचारच करू नये. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको.

कुस्तीनं हा प्रश्न कधीच सोडवला आहे, हे फुटबॉलवाल्यांनी लक्षात घ्यावं. पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या मैदानाला डोंगराचा उतारच गॅलरी म्हणून मिळालेला आहे. तिथं लांब बसलेल्यालाही डाव दिसतो. जिल्ह्यातल्या लोकांना उतारावर बसून खेळ बघायची सवय आहे, फक्त फुटबॉलसाठी तो उतार कुणी तयार केलेला नाही.

तात्पुरत्या गॅलरीबद्दल मत सरळ नकाराचं आहे, निदान इंजिनिअरच्या सहीशिवाय तरी. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 19 मार्च 2022 ला सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉलच्या मॅचला तात्पुरती गॅलरी कोसळली आणि दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले. बांबू-बल्ल्यांच्या गॅलरीला बसलेल्या माणसांचं ओझं सहसा पेलतं. ती हरते ती आडव्या हिसक्याला. गोल झाला की दोनशे माणसं एकदम उठतात, एकाच बाजूला झुकतात, तालात उड्या मारतात. तिरके आधार नसतील, काथ्या सैल पडला असेल, खांब ओल्या मातीत नुसतेच टेकवलेले असतील, तर अख्खा सांगाडा पत्त्यांसारखा एका बाजूला पडतो. प्रत्येक खांबाखाली फळी, दोन्ही दिशांनी कैची, आणि मॅच सुरू होण्याआधी बांधणी पुन्हा आवळणं, एवढं जमत नसेल तर लोकांना जमिनीवर बसवलेलं बरं.

आता व्यासपीठ. मैदान उत्तर-दक्षिण आखलेलं असेल, तर दुपारच्या मॅचला पश्चिमेची बाजू सगळ्यात चांगली, कारण ऊन पाठीवर येतं. आपल्याकडे नेमक्या त्या बाजूला, नेमक्या मध्यरेषेवर मान्यवरांचा मंडप पडतो. त्याच्या मागच्या सगळ्या पायऱ्या वाया. पूर्वेला बसलेला सामान्य प्रेक्षक डोळ्यांवर हात धरून मॅच बघतो. कोलकात्यात 13 डिसेंबर 2025 ला मेस्सी आला तेव्हा काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं: त्याच्याभोवती मान्यवरांचा गराडा इतका, की तिकीट काढून आलेल्यांना तो धड दिसलाच नाही, आणि मग बाटल्या-खुर्च्या मैदानात आल्या. मंडप एका गोलच्या मागे टाकावा. पाहुण्यांना फार वेळ थांबायचंही नसतं.

पाहुण्यांवरून वेळेचं. मॅचला 45 अधिक 45 मिनिटं, मध्ये 15, आणि वाया गेलेला वेळ धरून एक तास पन्नास मिनिटं लागतात. डिसेंबरच्या सुरुवातीला सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बिनदिव्यांच्या मैदानावर किक-ऑफ पावणेचारच्या पुढे जाता कामा नये, आणि बाद फेरीची मॅच असेल तर पेनल्टी शूटआउटची वीस मिनिटं राखून साडेतीनलाच हवा. प्रत्यक्षात चारला प्रमुख पाहुणे येतात, हार-तुरे, भाषणं, खेळाडूंशी ओळख होते, आणि साडेचारला शिट्टी वाजते. शेवटची वीस मिनिटं अंधारात. पेनल्टी कुणी घेतली हे पलीकडच्याला नंतर विचारावं लागतं. उद्घाटन हाफ टाइमला करावं. पंधरा मिनिटांत आटोपावंच लागतं, हा वरचा फायदा.

गर्दी दिसेल एवढी जमली, तर ती बाहेर कशी पडणार? ब्रिटनमधल्या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावरून 66, आणि साधारण 8 मिनिटांत सगळे बाहेर पडायला हवेत. दोन हजार प्रेक्षकांना त्या हिशेबानं 3 मीटर मोकळी रुंदी लागते. आपल्या मैदानांना एवढं फाटक असतं. पण फुकटे घुसतात म्हणून ते बंद ठेवून फक्त 90 सेंटीमीटरचा दिंडी दरवाजा उघडा ठेवतात, आणि मॅच संपल्यावरही मोठ्या फाटकाची किल्ली असलेला माणूस सापडत नाही. त्याच दोन हजार माणसांना मग 27 मिनिटं लागतात, तीही कुणी पडलं नाही तर. फाटकाबाहेर दुचाकींची रांग लागली की निम्मी रुंदी आणखी गेली. इंडोनेशियातल्या कंजुरुहान स्टेडियमवर 1 ऑक्टोबर 2022 ला 135 माणसांचा जीव गेला. अश्रुधुरानं पळापळ झाली आणि लोक बाहेर जायच्या दारांशी चेंगरले. बंगळुरूत 4 जून 2025 ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जणांचा जीव गेला तो आत शिरतानाच्या गर्दीत. 'आपल्याकडे एवढं पब्लिक नसतंय' हे खरं, पण दरवाजा अरुंद असला तर दोन हजारसुद्धा पुष्कळ होतात.

अट अशी हवी: शेवटची दहा मिनिटं उरली की सगळी फाटकं पूर्ण उघडी, प्रत्येक फाटकावर किल्लीसह एक माणूस, आणि फाटकापासून 15 मीटरपर्यंत एकही गाडी नाही. आत येताना एका रांगेतून तासाला फार तर 660 माणसं जातात, तीही तिकीट हातात असेल तर. खिडकीवर सुट्ट्या पैशांचा घोळ झाला की त्याच्या निम्मी. म्हणून तिकीट आदल्या दिवशी दुकानांत मिळावं. तिकिटावर दोन्ही संघांची नावं आणि तारीख छापावी. हे फक्त हौसेखातर सुचवलंय, पण जपून ठेवायला मुलाला काहीतरी मिळतं.

बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. पाणी, आतून लागणारी कडी, दिवा. याच्यावर युक्तिवाद करायचाच नाही. हे नसेल तर परवानगी देऊ नये. प्यायच्या पाण्यासाठी हजार माणसांना अर्ध्या लिटरनं 500 लिटर, म्हणजे वीस लिटरचे 25 जार. उन्हाळ्यात दुप्पट.

आवाज आणि ईर्ष्या नको असं कुणी म्हणत नाही. सांगली-मिरजेच्या अनेकांनी पहिली मोठी मॅच पाहिली ती कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मिरजेहून रेल्वेनं जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या संघांच्या मॅचला जे वातावरण असतं ते ठरवून तयार करता येत नाही. पेठेचा अभिमान त्यामागे आहे. तिथं समर्थकांच्या हाणामाऱ्याही झाल्या आहेत, आणि वातावरण हवं तर मारामारीही सोसा, असं म्हणणारे शौकीन भेटतात. ते पटत नाही. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचला 16 प्रेक्षकांचा जीव गेला. दोन्हीकडचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसवले होते. दोन बाजूंना दोन समर्थक, मध्ये रिकामा पट्टा, आणि कुटुंबांसाठी दोघांपासून वेगळी जागा, एवढ्यावर हलगी, गुलाल, घोषणा सगळं राहतं. घोषणा मात्र ऐकवत नाही अशी झाली की लाउडस्पीकरवरून एकदा सांगावं, आणि पुढच्या वेळी त्या मंडळाच्या गुणांतून कापावं. मंडळ स्वतःच आपल्या पोरांना आवरतं.

नवख्याला मॅच कळावी म्हणून करायच्या गोष्टी तर अगदीच स्वस्त आहेत. दोन्ही संघांची जर्सी वेगळ्या रंगाची असावी असं खेळाचा नियमच सांगतो. तरी एक गडद निळा आणि दुसरा काळा, असं चालवून घेतात. लांबून कोण कुणाचा ते कळत नाही. आयोजकाकडे जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या केशरी बिब्सचा एक संच असला की प्रश्न मिटला. फाटकाजवळ फळ्यावर खडूनं दोन्ही संघ, नंबर आणि नावं लिहावीत. कॉमेंट्री करणाऱ्यानं देणगीदारांची नावं थोडी कमी घेऊन गोल कुणी केला, पिवळं कार्ड कशासाठी दाखवलं, एवढं सांगावं.

शाळांचं गणित वेगळंच आहे. शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, सुब्रतो कप, 1960 पासून चालू आहे, पण त्याच्या जिल्हा फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. भर चिखलात, कामाच्या दिवशी सकाळी, प्रेक्षक म्हणजे पुढच्या मॅचची वाट बघणारे खेळाडू. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपआधी राज्यभर फुटबॉलचा दिवस साजरा झाला, शाळांना बॉल मिळाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. बॉल वाटणं सोपं आहे. एका वर्गाला एक अख्खी मॅच नीट बसवून दाखवणं त्याहून अवघड, पण त्याचाच उपयोग जास्त. जिल्ह्याची फायनल शनिवारी दुपारी ठेवावी आणि जवळच्या दोन शाळांतली पाचवी-सहावीची मुलं आणावीत. चाळीस मुलांमागे दोन शिक्षक, खालची पायरी, पाणी, आणि घरी न्यायला येणाऱ्यांना आधीच सांगितलेली वेळ. पूर्ण दीड तास बसवत नसेल तर दुसरा हाफ दाखवा. निकाल त्यातच लागतो.

आयोजक म्हणतील, याला पैसा कुठून आणायचा. स्पर्धेचा फ्लेक्स बघितला की पैसा कुठं जातो ते दिसतं. पहिलं बक्षीस दरवर्षी वाढतं, मोटारसायकल लागते, बाहेरचे खेळाडू आणले जातात, फटाके वाजतात. यातलं काहीही बंद करा असं म्हणणं नाही. बक्षिसाच्या रकमेतून थोडा हिस्सा काढला, तरी दोरी, बांबू, चुना, जार आणि स्वच्छतागृहाचं भाडं भागतं. मुरमाचं काम मात्र मंडळाचं नाही, ते मैदानाच्या मालकानं एकदाच करायचं.

अटी कागदावर राहतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून त्या अनामत रकमेला जोडाव्यात. आज मैदानाची अनामत खड्डे बुजवले की नाही, कचरा उचलला की नाही, एवढं बघून परत मिळते. त्याच फॉर्मवर चार ओळी वाढवाव्यात: किक-ऑफ किती वाजता झाला, शेवटच्या दहा मिनिटांत फाटकं उघडी होती का, बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी होतं का, खालच्या पायरीवर मुलं बसली होती की कार्यकर्ते. महापालिकेच्या माणसानं हे मॅच चालू असताना येऊन भरायचं आणि जागेवर सही करायची. चारपैकी दोन उत्तरं नकाराची आली तर निम्मी अनामत जप्त, आणि पुढच्या हंगामात त्या मंडळाचा अर्ज इतरांच्या मागे.